विहारातल्या गुलमोहराचा पाला

मंडळी, दवाखान्यातून थेट इंटरनेट कॅफेत येऊन लिहितेय. जीव थाऱ्यावर नाही.

मी चामोर्शीत रसायनशास्त्र शिकवते. गुलमोहराच्या पानांच्या अर्काने उंदरांची साखर उतरते का, हे तपासतेय. पाला इथल्या बुद्धविहाराच्या अंगणातल्या झाडाचा आणते.

आज गेले तर खालच्या फांद्या पार बोडक्या! शेजारच्या शांताबाई भिंतीला टेकून बसलेल्या, ओठ सुकलेले. त्यांना शुगर आहे.

"काऊन बाई, बरं नाई का?"

"गोळ्या सोडल्या न मॅडम. हा पाला उकळून पितो. तुमीच तं सांगतलं, उंदराची शुगर उतरली मनून."

हो, सांगितलं होतं. पहिला चांगला निकाल आला त्या दिवशी, आनंदाच्या भरात. माणसांवर अजून काहीच तपासलं नाही, हे सांगायचं राहूनच गेलं.

त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. शुगर भलतीच वाढलेली, सलाईन लावलीय.

नेताना ऑटोत म्हटलं, "बाई, तो पाला पिऊ नका."

त्या कशाबशा हसल्या. "मंग तुमी थैली भरभरून कोनासाठी नेता मॅडम?"

"उंदरांसाठी" हा शब्द काही माझ्या तोंडून निघाला नाही. तुमच्या निघाला असता?