आजोळी नेलेलं घर

आमच्या वडिलांनी एकदा घर बांधलं आणि ते चालवत सासुरवाडीला नेलं. सासऱ्याच्या छपराखाली निजणार नाही अशी त्यांची शपथ होती, म्हणून ते स्वतःचं छप्परच बरोबर घेऊन निघाले.

शपथेचं कारण सांगायला मला आजही लाज वाटते. दिवाळसणाला नवा जावई पाटावर बसला होता. आमच्याकडे जावयाच्या ताटात तूप वाढताना तो हात आडवा धरेपर्यंत धार थांबवत नाहीत. आजोबांनी मधेच वाढणाऱ्याला म्हटलं, "पुरे आता, जावाईबापूले बाधंल." काळजीनं म्हटलं की चिकूपणानं, यावर दोन्ही गावांत शेवटपर्यंत दोन मतं होती. वडील ताटावरून उठले. "तुमच्या छपराखाली निजनार नाई अन् तुमच्या चुलीवरचं खानार नाई," असं बजावून ते आजोबांच्या धाड गावाहून तडक आमच्या सोनाळ्याला परत आले. आजोबाही काही कमी नव्हते. त्यांनी ठणकावलं, की आता लेकीला आणायला भाऊ धाडणार नाही. जावई स्वतः घेऊन येईल तेव्हाच ती माहेरी येईल. दोन रेड्यांची टक्कर लागली की मधलं कुंपण मोडतं. आमच्याकडे ते कुंपण माझी आई होती. मी दहा वर्षांची झाले तरी आजोळ पाहिलं नव्हतं.

आई यावरून कधी भांडली नाही. पण त्या वर्षी धाडच्या बाजाराहून आलेल्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं सांगितलं की आजोबांची नजर अधू होत चालली आहे. त्या दिवशी ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली.

"बाबाले दिसून राह्यलं तोवर माही लेक मले त्याले दाखवाची हाय," ती म्हणाली. "तुमची शपथ तुमच्यापाशी ठेवा. मले फकत न्या."

शपथ मोडायची वडिलांची छाती नव्हती आणि आईला नाही म्हणायचीही नव्हती. मग ते शेगावला गेले आणि बंद पडलेल्या एका प्रवासी सर्व्हिसची जुनी मोटार घेऊन आले. नंबराच्या पाटीवर मध्यप्रांताची अक्षरं होती, तीही निम्मी उडालेली. सुतारानं बाकं काढली, झोपायला फळ्या ठोकल्या, शेगडीखाली पत्रा मारला. घरात पिवळा रंग पडून होता, तोच सगळ्या मोटारीला फासला. ती हळद लागलेल्या नवरीसारखी दिसायला लागली. वडिलांनी दारात उंबरठाही बसवून घेतला. सुतार म्हणाला, "मालक, मोटारीले उंबरठा कायले?" वडील म्हणाले, "उंबरठ्याबिगर घर राह्यते का बे?" पहिल्याच दिवशी त्याला ठेचकाळून ते स्वतः पडले.

वास्तुशांतही झाली. गुरुजींनी विचारलं, "घराचं तोंड कोणत्या दिशेला?"

"सध्या पूर्वेले," वडील म्हणाले. "जेवन झाल्यावर मोटार वळवनार हाय, मंग पश्चिमेले."

गुरुजींनी डोकं खाजवलं आणि आठही दिशांची पूजा उरकून टाकली.

उन्हाळ्यात निघालो. पूर्णेच्या वाळूत चाकं रुतली, तेव्हा जवळच्या वाडीतून बैल आणून जुंपले. बैलवाला म्हणाला की त्यानं आजवर गाड्या ओढून काढल्या, नांगर काढले, घर पहिल्यांदाच काढतोय. खामगाव सोडलं आणि घाट लागला. आमच्या जिल्ह्यात माणसं दोनच जातीची, घाटाखालची आणि घाटावरची, आणि दोघंही एकमेकांना अडाणी समजतात. घाटाखालचं आमचं घर घाटावर जायला राजी नव्हतं. प्रत्येक वळणाला फळीवरची भांडी खाली यायची. लोणच्याची बरणी फुटली आणि आमचा राहता बंगला पार धाडपर्यंत कैरीच्या खाराचा वास मारत राहिला. आई मात्र त्या रगाड्यातही गाणं गुणगुणत होती. ती गाते हे मला तोवर माहीत नव्हतं.

वाटेत उंद्रीला आत्याचं घर होतं. वडिलांनी तिच्या दारात मोटार उभी केली आणि आम्ही आमच्याच घरी जेवणार म्हणून सांगितलं. सख्ख्या बहिणीकडे जेवले असते तर धाडला बभ्रा झाला असता, की शपथ फक्त सासऱ्यापुरती आहे. त्यांना ती तत्त्वाची दाखवायची होती. आत्यानं तत्त्व ऐकून घेतलं आणि मोटारीपुढे रस्त्यावर फतकल मारली.

"माह्या दारात येऊन आपल्या घरी जेवता? मंग मी काय मेली?" तिनं विचारलं. "आता मोटार माह्या अंगावरून ने."

शेवटी तोड निघाली. चूल आत्याची, छप्पर आमचं. तिनं पातेलीच्या पातेली मोटारीत आणली आणि वडिलांना इतकं जेवू घातलं की तास-दोन तास त्यांना स्टिअरिंगच्या मागे बसता येईना.

धाडला पोचलो तो नेमका बाजाराचा दिवस. पिवळी मोटार पाहून लोकांना वाटलं, बाजारोबाजार मोटारीतून फिरणारा दात काढणारा आला. आजोबांच्या घराशी मोटार थांबेपर्यंत मागे गाल धरलेल्या माणसांची रांग लागली होती. वडिलांनी मोटार अंगणात न घेता बाहेर सरकारी रस्त्यावर उभी केली. अंगणही सासऱ्याचंच की!

आई उडी मारूनच उतरली. मला हाताला धरून तिनं ओट्यावर बसलेल्या आजोबांपुढे उभं केलं. आजोबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा! अगदी माह्या लेकीवर गेली." आईचा चेहरा असा फुलला, की वाटेत सोसलेले सगळे हाल फिटले, असं मलाही वाटलं.

त्यानंतर मी टपालवाली झाले.

"सांग तुह्या बाबाले, अंगनात सावली हाय, मोटार आत घ्या म्हना."

"सांग तुह्या आज्याले, आमचं घर हाय तिथं बरं हाय."

दोघं एकमेकांना स्पष्ट ऐकू जाईल इतक्या अंतरावर होते, तरी मी इमानानं धावत होते. आईनं मोटारीत चहा केला आणि कप ओट्यावर आणून दिला. आजोबांनी हात मागे घेतला. जुन्या रीतीप्रमाणे ते लेकीच्या घरचं पाणीही घेत नसत.

वडील मोटारीतून ओरडले, "म्हंजे हे घर हाय हे कबूल केलं!"

"घर कायचं? मोटार हाय," आजोबा.

"मंग घ्या चहा."

आजोबा पेचात सापडले. बाजार सोडून आलेल्या लोकांना तर जत्राच मिळाली. एकानं निवाडा दिला, की चाकं थांबली तर ते घर, फिरत असली तर मोटार; तेव्हा आजोबांना आत बसवून गावाला एक चक्कर मारावी आणि तेवढ्यात चहा पाजावा.

आजोबांनी विषय बदलला. "ते जाऊ द्या. रंग मात्र झकास देल्ला. असा निया रंग घाटावर कोनाच्या मोटारीले नाई."

लोक हसले. त्यांना वाटलं, पिवळ्याला निळा म्हणून म्हातारा जावयाची फिरकी घेतोय. आई हसली नाही. तिनं खांबाशी उभ्या असलेल्या मामाकडे पाहिलं. मामानं मान खाली घातली.

"बाबा," आई म्हणाली, "तुमाले दिसत नाई?"

"दिवाळीपासून," आजोबा हळूच म्हणाले. "मीच म्हटलं, खाली सांगू नोका. जावाई म्हनंल, डोये गेले तवा नमला."

"मंग मघानी काय पाह्यलं तुमी? माह्यावर गेली म्हने!"

"तुही लेक हाय. आनखी कोनावर जाईन?"

"दाखवाले आनली होती वो मी," आई म्हणाली. "आता कोनाले दाखवू?"

लोक एकेक करून निघून गेले. वडील मोटारीतून उतरले. घाईत वहाणा आतच राहिल्या. तापल्या मातीतून अनवाणी अंगण ओलांडून ते ओट्यावर चढले आणि आजोबांना खेटून बसले. मला त्यांनी समोर उभं केलं.

"मामाजी, रंग गव्हाळ हाय, तिच्या आईवानी," ते सासऱ्याला सांगायला लागले. "कपाळ मोठं. डाव्या भुवईवर व्रन हाय, आंब्यावरून पडली होती. समोरचा दात अर्धा. बोलाच्या आंधी खालचा ओठ चावते. हासली की एका गालाले खळी पडते."

मी ओठ चावते हे मलाही ठाऊक नव्हतं. वडील मला फक्त पाढे म्हणायला हाक मारत. त्यांनी माझ्याकडे कधी नीट पाहिलंच नाही, असं मी समजत होते.

आजोबा मान हलवत ऐकत होते. "हट्टी हाय का?"

"लय."

"हे कोनावर गेलं?"

"आपल्या दोघाइवर," वडील म्हणाले.

आतून मामीनं पानं वाढल्याचं सांगितलं. वडील उठले, आजोबांचा हात धरून त्यांना उठवलं आणि दोघं दाराकडे वळले. आईनं पदरानं डोळे पुसले.

"खळी कोन्त्या गालाले, ते नाई सांगतलं बाबाले," ती म्हणाली.

वडिलांनी मागे वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. "उजव्या," ते म्हणाले आणि आजोबांना घेऊन आत गेले.