व्याह्यांच्या राज्यात माझे हत्ती

लग्नात आमचे व्याही रुसले नाहीत, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. खान्देशात वरबाप एकदा तरी रुसतो. पंगतीवरून रुसतो, मानपानावरून रुसतो, काहीच सापडलं नाही तर मंडपातला पंखा आपल्याकडे वळलेला नाही म्हणून रुसतो. मग मुलीकडचे वडीलधारे जाऊन समजूत काढतात आणि कार्य पुढे सरकतं. आमचे हे व्याही, आबा, मात्र पोटभर जेवले, पंख्यापासून लांब निवांत घोरले आणि निघताना माझ्याच हातावर पेढा ठेवून गेले. बायको म्हणाली, "देवमाणूस आहे." मीही मान हलवली.

आबांची दोंडाईच्याला मिरचीची आडत. माझं भडगावला पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान. दुपारी दोघेही रिकामे. त्यांचा लिलाव तोवर आटोपलेला असतो आणि माझ्याकडे मोटारीला वॉर्निश मारलं की ते वाळेपर्यंत तिच्याकडे बघत बसण्याखेरीज काम नसतं. हे पाहून जावयानं आम्हा दोघांच्या फोनमध्ये एक खेळ टाकून दिला. आपलं राज्य वसवायचं, शेतं पिकवायची, फौज उभी करायची आणि बुद्धिबळासारखी आळीपाळीनं चाल करायची. समोरचा त्याच्या सवडीनं खेळणार, मग पुन्हा आपण. उत्तरेला तिसरा एक राजा होता, त्याला फोनच चालवायचा. जावई म्हणाला, "पप्पा, यात लढाईपेक्षा तह महत्त्वाचे." सासऱ्याच्या हाती आपण काय देतोय, हे त्या बिचाऱ्याला कळलं नाही.

आबांनी राजधानीचं नाव दोंडाईचा ठेवलं, मी माझ्या राजधानीचं भडगाव. सुरुवातीलाच मैत्रीचा तह झाला. मग मी गुपचूप उत्तरेच्या राजाला सोनं पोचवलं आणि आबांच्या सरहद्दीवर कुरापत काढायला लावली. आबांची फौज धावली तिकडे. आता व्याही संकटात म्हटल्यावर मी मदतीला नको का जायला? निरोप धाडला, "आबा, तुमच्या मुलखातून माझे हत्ती उत्तरेला जाऊ द्या."

उत्तर आलं, "याही, वाट कसाले विचारतस? बठ्ठं राज्य तुमनंच शे."

याही म्हणजे व्याही, बठ्ठं म्हणजे सगळं. आबा एरवी कागदी मराठीत लिहितात, प्रेम उतू गेलं की अहिराणीत.

हत्ती दोंडाईच्याच्या वेशीपर्यंत गेले आणि थकले. पुढच्या चालीतही ते थकलेलेच होते. आबांनी काळजीनं विचारलं, "हत्तींना ऊन लागत असेल. नदीकाठी उभे करता का?" केले. तिथून वेस आणखी जवळ पडत होती. त्याच्या पुढच्या चालीत मी तह मोडला आणि दोंडाईचा घेतलं. राजधानीत फौजच नव्हती, ती उत्तरेला माझीच कुरापत निस्तरत होती. मी मांडीवर अशी थाप मारली की बाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, त्याची मोटार सुरू झाली.

संध्याकाळी हा पराक्रम बायकोला सांगितला. ती माळ्यावरून पुरणपोळ्या भाजायचं मातीचं खापर काढून पुसत होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती, पोरीची लग्नानंतरची पहिली आखाजी. सासुरवाशीण माहेरी येते, निंबाला झोका बांधतात, शेजारणी गाणी म्हणतात. पहिल्याच आखाजीला पोरगी आली नाही, तर गल्लीत प्रत्येक जण विचारतो आणि प्रत्येकाला वेगळं कारण सांगावं लागतं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पोरीला आणायला माणूस पाठवायच्या वेळेला तुम्ही तिच्या सासऱ्याचं गाव लुटलं."

"अगं, खेळ आहे तो."

"त्यांना माहीत आहे ना, खेळ आहे ते?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता.

आबांची पुढची चाल आली. त्यांनी एकही शिपाई हलवला नव्हता, नुसती चाल संपवली होती. मी घाबरून दोन बैल इकडचे तिकडे केले. त्यांनी पुन्हा नुसती चाल संपवली. राज्य उघडं टाकून ते बसून राहिले. सकाळी फुलांचं चित्र आणि सुविचार यायचा, तो बंद झाला. मी होऊन फुलं पाठवली, ती पाहिल्याची खूण उमटली आणि पुढे काही नाही. पोरीला फोन केला.

"आखाजीला कधी येतेस?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"आबा सध्या कोणाशी फार बोलत नाहीत, पप्पा. जेवताना एकदा म्हणाले, हत्तींना मीच सावली दाखवली."

बायकोनं पुसलेलं खापर पुन्हा माळ्यावर ठेवलं. ठेवताना आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याची बस धरली. धुळे स्टँडवर दोंडाईच्याच्या गाडीला वेळ होता. तिथंच बाकावर बसून मी तहाची कलमं लिहून आबांना पाठवली. दोंडाईचा परत. हत्ती आपल्या मुलखात न आणता पार दक्षिणेच्या टोकाला, समुद्राकडे. आबांना ते दिसायलाही नकोत. तेवढ्यानं मन भरेना, म्हणून सरहद्दीवरचा माझा किल्लाही देऊन टाकला, आहेर समजून. शेजारी बसलेल्या बाई माझ्या फोनात बघत होत्या. म्हणाल्या, "एवढं देताय, काय केलं होतं?" मी म्हटलं, "व्याही आहेत." त्यांना पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

आबा ओट्यावर बसले होते. "या," म्हणाले. एवढंच. पाणी आलं, चहा आला. मी खेळाविषयी बोलायचं म्हणून आलो होतो, ते सोडून पावसापाण्याचं, मिरचीच्या तिखटाचं, बसच्या गर्दीचं सगळं बोललो. आबा कपातल्या चहाकडे बघत होते. शेवटी मी टोपी काढली आणि हात जोडले.

"आबा, चुकलो. खेळाच्या भरात झालं. पोरीवर राग काढू नका. आखाजीला तिला पाठवा."

आबांनी चष्मा लावला, फोन घेतला आणि माझा तह नीट वाचला. अंगठा फिरवून मंजूर केला. पुन्हा फिरवून आपली चाल संपवली. मग फोन माझ्यापुढे धरला.

"घ्या. तुमनी चाल शे."

पाहिलं तर भडगाव गेलं होतं. माझी राजधानी, शेतं, कोठार, सगळ्यावर उत्तरेच्या राजाचं निशाण.

"पण आबा, आत्ताच तर तह झाला."

"माझ्याशी झाला. उत्तरवाल्याशी कुठं झालाय? त्याला मी लगेच वाट दिली, तुम्ही दिलेल्या किल्ल्यातून. हत्ती समुद्र बघायला गेलेत, मग अडवणार कोण?"

"तो तर तुमचा वैरी."

"तुम्ही त्याला सोनं दिलं, मी दुप्पट दिलं."

आबांच्या मिशा हलायला लागल्या. "म्हटलं, फौजेनं काही हे याही मागे सरकायचे नाहीत. लग्नात रुसायचं राहून गेलं होतं, ते इथं वापरलं."

"म्हणजे राग नाही?"

"कसाना राग? तुमच्यासारखा चोर मला आडतीवरही भेटला नाही. किती दिवसांनी करमलं."

तेवढ्यात आतून पोरगी आली. हातात बॅग, बॅगेची चेन लावलेली, पायात चपला. विहीणबाई मागून सांजोऱ्यांचा डबा घेऊन आल्या. बॅग सकाळपासूनच भरलेली होती, असं दिसलं. कुणी भडगावबरोबर जळगावही मागितलं असतं, तर मी त्या क्षणी देऊन टाकलं असतं.

परतीच्या बसमध्ये पोरगी खिडकीपाशी बसली. धुळं मागे पडल्यावर हसायला लागली.

"तुम्ही कशाला घाबरता, ते आबांनी मला विचारलं होतं."

"आणि तू सांगितलंस?"

"आता मी त्यांच्या राज्यात राहते ना, पप्पा."

घरी पोचलो तर बायको दारातच उभी होती. पोरीला पाहिलं, बॅग घेतली, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग माझ्याकडे वळली.

"दोंडाईचा दिलं ना परत?"

"दिलं. भडगावही गेलं."

"जाऊ द्या," ती म्हणाली. "स्टूल आणा, खापर खाली काढून द्या."