शामरावाचा लाल ठिपका

सकाळी दाढी करत होतो तेव्हा उद्यमनगरातल्या आमच्या शेडमधून फोन आला. "दाजी, मेस्त्री गेलं." माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते खोटं कशाला लिहू... सुमनकडं पण हाच माझ्या आधी पोचला.

शामराव मेस्त्री म्हणजे माझ्या बायकोचा, सुमनचा थोरला भाऊ. ती जाऊन चार वर्षं झाली, आता महिन्याखाली तो गेला. तीस वर्षं आम्ही एका शेडमध्ये काम केलं. इंजिन त्याच्याकडं, गिअरबॉक्स आणि ब्रेक माझ्याकडं. गाडी पळाली की लोक म्हणायचे, शामू मेस्त्रीचा हात लागलाय. गाडी थांबली तर त्यात कौतुक कसलं? घरी सुमनच्या तोंडात घासाघासाला दादा. त्याची एक पद्धत होती. नट-स्क्रू सेट केला की त्यावर नेलपेंटचा लाल ठिपका द्यायचा, म्हणजे मागनं कुणी पाना लावला तर रंग तडकून कळतं. ती बाटली सुमनची. माझ्याच डब्याच्या पिशवीतनं ती भावाला पाठवायची.

बारा वर्षांखाली एक हौशी गिऱ्हाईक परदेशी स्पोर्ट्‌स गाडी घेऊन आलं. जुनी, टर्बोची. म्हणालं, "मेस्त्री, इंजिनात अजून दम हाय. कंपनीनंच मुद्दाम दाबून ठेवलाय. वाढवा की."

शामराव हसला. "इंजिन देईल की, पावणं. पण क्लच, गिअर, ब्रेक, रेडिएटर सगळं हाय त्या ताकदीच्या मापाचं. एक वाढवलं की सगळं वाढवायला लागतंय. मग गाडी जड हुती, परत ताकद कमीच पडती. आन् गाडी कुणाच्या हातात जाणार, कसलं पेट्रोल पिणार, कंपनीला कुठं ठाऊक असतंय? म्हणून ती हात राखून देती." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "दाजी, गिअरबॉक्स तुमचा. सांगा, सोसल का?"

त्यानं चार माणसांत मला विचारलं, आणि मला ते त्यानं स्वतःचं मोठेपण दाखवल्यासारखं वाटलं. म्हटलं, "न सोसायला काय झालंय?" सोसणार नाही हे मला ठाऊक होतं. शामरावानं नुसती सर्व्हिसिंग केली, इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या टर्बोच्या दांडीवरच्या नटाला ठिपका दिला आणि जेवायला गेला. मी तो ठिपका खरवडला, नटाला दोन आटे दिले आणि वरनं सुमनच्या बाटलीतला नवा ठिपका दिला. म्हटलं, बघू आता लोक कुणाचा हात लागला म्हणतात.

आठवड्यात जोतिबाच्या चढाला गाडीचे गिअर फुटले. नशिबानं कुणाला लागलं नाही. गिऱ्हाईक शेडमध्ये येऊन ओरडलं, "तुमचाच ठिपका हाय, बघा की." शामराव वाकला, नटावरच्या ठिपक्यावरनं अंगठा फिरवला... मग म्हणाला, "व्हय. चूक माझीच." गिअरबॉक्स आम्ही दोघांनी मिळून उतरवला. काम संपत आलं तेव्हा मान वर न करता तो एवढंच बोलला, "दाजी, ठिपका देताना ब्रश झटकून घ्यावा. वघळ येतो."

घरी सुमन जेवली नाही. म्हणाली, "दादाच्या हातनं असं व्हणारच न्हाय." तिला मी खरं काही सांगितलं नाही. शामरावानंही कधी सांगितलं नाही, त्याचाही मला रागच आला. सांगितलं असतं तर फिटंफाट तरी झाली असती. ते गिऱ्हाईक हे वाचत असेल तर त्यानं समजून घ्यावं... दोन आटे माझे होते.

गेल्या दिवाळीनंतर शामरावानं माझी जुनी स्कूटर सेट केली. कार्बोरेटरच्या स्क्रूवर ठिपका दिला आणि बाटली उलटी करून दाखवली. "संपली. सुमीची शेवटची हुती." शेवटचा रंग त्यानं माझ्या गाडीला लावला. पण चार वर्षं ती बाटली त्याच्याकडं होती, माझ्याकडं नव्हती, हेच मला अजून खुपतं.

स्कूटर चढाला दम टाकते. मागनं रिक्षावाले म्हणतात, "आजोबा, जरा पिकअप वाढवून घ्या की." स्क्रूड्रायव्हर डिकीत आहे, त्या स्क्रूच्या अर्ध्या आट्याचं काम. रोज सकाळी मी गाडी पुसतो... ठिपक्यापुरती जागा सोडून.