नदीत सोडलेले सरकारी नारळ

सत्तर सालाच्या आगेमागे मी सरकारी खात्यात नवा ओव्हरसियर होतो. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला नदीवर धरण बांधून वीज काढता येईल का, हे ठरवण्याआधी पाण्याचा वेग मोजायचा होता. त्यासाठी साहेब आणि मी भोरहून एसटीनं निघून, पुढं पायपीट करत एका वाडीवर मुक्कामाला गेलो.

काम सोपं होतं. साहेब वरच्या वळणावरून लाल रंगवलेला लाकडी ठोकळा पाण्यात सोडणार आणि रुमाल हलवणार. मी खालच्या अंगाला घड्याळ घेऊन तो किती वेळात पोचतो ते बघणार.

रुमाल हलला, घड्याळ सुरू झालं, पण ठोकळा येईना. दुसराही आला नाही, तिसराही नाही. साहेब तरातरा खाली आले. "झोप लागली का तुम्हाला?"

मी काही बोलणार तोच मधल्या धुण्याच्या जागेवरून एक म्हातारी आली. तिच्या ओच्यात आमचे सगळे ठोकळे होते.

"कुणाच्या लेकरांची खेळणी वाहून चालली हुती," ती म्हणाली. "म्या समदी धरली. एक निसटत हुतं, पर गाठलं."

ती इतक्या समाधानानं सांगत होती की साहेबांना रागावता येईना. त्यांनी चक्क तिचे आभार मानले.

त्या संध्याकाळी मला युक्ती सुचली. नदीत सोडलेल्या नारळाला कोण हात लावणार? दुसऱ्या दिवशी वाडीतल्या दुकानातून नारळ आणले. ते झकास तरंगत आले. कुणी अडवले तर नाहीतच, उलट धुणं थांबवून बाया हात जोडायच्या. साहेब खूश झाले.

पण आमचे नारळ काही संपेनात. शेवटी म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली.

"सरकारनं कसला नवस बोललाय म्हणायचा?"

मला खोटं बोलवेना. "नवस नाही आजी. पाणी मोजतोय. पुरेसं असेल तर हितं धरण होईल."

ती वाडीकडं वळून बघत राहिली. "मग पानी कुठवर चढंल?"

"ते अजून ठरलं नाही," मी म्हणालो. नकाशावर पाण्याची खूण वाडीच्याही वर, देवळाजवळ होती, हे मला ठाऊक होतं, पण ते सांगायचं मी टाळलं.

"थोडं कमी लिवा की."

"आहे तेवढंच लिहावं लागतं, आजी."

"व्हय का," म्हणाली आणि उठली. जाताना पाण्यात उतरून तिनं आमचा येत असलेला नारळ उचलला. देवाचा नाही म्हटल्यावर आता तिला कसली अडचण? रात्री आमच्या भाकरीबरोबर तिनं खोबऱ्याची चटणी पाठवली. लई झणझणीत होती.

सकाळी नदीवर गेलो तर आमच्या मोजणीच्या पट्ट्यात वाडीतल्या झाडून साऱ्या म्हशी बसलेल्या. म्हातारी काठावर काठी घेऊन उभी.

"आजी, जरा बाहेर काढता का?" साहेबांनी विचारलं.

"काडते की," ती म्हणाली. "पर ऊन उतरल्याबिगर त्या न्हाई ऐकायच्या."

म्हशी खरंच ऐकत नव्हत्या. आम्हाला बरंच वर जाऊन, दगडधोंड्यांतून नव्यानं मोजणी करावी लागली. पुढं त्या जागी धरण झालं नाही. का, ते आम्हाला कुणी कळवलं नाही. साहेब मात्र निवृत्त होईपर्यंत, विषय निघाला की म्हशींचंच नाव घ्यायचे.