कडूबाईनं सोडवलेली जट

माझी धाकटी जाऊ कडूबाई एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिची वेणी अजून कमरेच्या खाली उतरते. माझी वेणी करंगळीएवढी, तीसुद्धा गंगावन घातल्यावर. तेव्हा तिच्याविषयी लिहिताना कुठं थोडी जळजळ दिसली तर ती खरी आहे असं समजा.

आम्ही दोघी छावणीत एकाच गल्लीत राहतो. तिचं माहेर फुलंब्रीकडचं. थोरल्या बहिणीच्या पाठची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून हिला तरी कुणाची नजर लागू नये असं म्हणत आईनं नाव कडू ठेवलं. जीभ नावाला जागली. बोटं मात्र अशी, की बाजारात बायका केस सोडून तिच्याकडं पाठ करून बसतात आणि दोन मिनिटांत त्यांचे डोळे मिटतात.

आठवडी बाजारात ती शिकेकाई घेऊन बसते, त्याला तीस वर्षं झाली. शिकेकाई, थोडा रिठा, आवळकाठी, नागरमोथा, मेथी आणि उन्हात वाळवलेली संत्र्याची साल. सगळं घरी कुटायचं आणि जुन्या मलमलच्या कपड्यातून गाळायचं. कपड्यात राहिलेली भरड ती स्वतःच्या डोक्याला लावते. माप विचारलं तर सांगत नाही. लपवते असं नाही, तिला ते ठाऊकच नाही. मूठ उघडते, मूठ बंद करते, झालं. मी तिच्याकडूनच पूड आणते, तिच्यासारखीच लावते, आणि माझं डोकं खराट्यासारखं. लई वर्षं मला वाटायचं, मला देताना ही त्यातलं काहीतरी काढून ठेवते. एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती एवढंच म्हणाली, ‘बाई, तुमच्या चहाच्या पातेल्यात बघा.’ मला वाटलं, बोलणं टाळतेय. त्या पातेल्याचं पुढं सांगते.

श्रेया माझी नात, माझ्या लेकाची, गोकुळची मुलगी. वाळूजला एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात आहे. तिचे केस मांडीपर्यंत, आणि कंपनीचा नियम असा की सगळे केस टोपीत गेले पाहिजेत. एक बट बाहेर दिसली तरी मशीनजवळ उभं करत नाहीत. पोरगी बिचारी पहाटे शिफ्टच्या बसआधी केस पिळून घट्ट अंबाडा घालायची आणि वरून टोपी चढवायची. भादव्यात तिला ताप आला. पंधरा दिवस अंथरुणावर होती. तापात डोक्याला पाणी लावू नये म्हणून आम्ही लावलं नाही, आणि कंगवा लावला की कळ जायची म्हणून विंचरलंही नाही.

ताप उतरला तसं मीच हौसेनं म्हणलं, माझ्या नातीला मी न्हाऊ घालते. शिकेकाई उकळली, बोअरचं कढत पाणी काढलं. अंबाडा सुटेना. म्हणलं, पाण्यानं सुटंल, आणि तसाच खसाखसा चोळला. केस वाळल्यावर बघते तर मानेवर नारळाएवढा गोळा. कंगवा सोडा, त्यात करंगळी जाईना.

त्याच दिवशी माझी सून निशा हिची मावशी आवडाबाई तब्येत विचारायला आली. तिनं गोळा पाहिला आणि लांबूनच हात जोडले. ही जट आहे म्हणाली. देवी आलीय घरात, हिला कंगवा लावाल तर पोरीला परत ताप येईल. निशाचा जीव पंधरा दिवस टांगणीला लागलेला होता. परत ताप, एवढे दोन शब्द तिला पुरले. दुसऱ्या दिवसापासून त्या गोळ्याला हळद-कुंकू लागायला लागलं आणि घरातले सगळे कंगवे कपाटात गेले. गोकुळ म्हणाला, बायकांच्या गोष्टीत मी काय बोलणार, आणि कामावर गेला.

श्रेयाला कंपनीतून निरोप आला होता, सोमवारी हजर व्हायचं. तिनं आरशापुढं टोपी घालून बघितली. टोपी गोळ्यावर नुसती टेकायची, जसं हंड्यावर वाटी. ती कात्री घेऊन बसली तर निशानं तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. पोरगी शिकलेली आहे, पण आईच्या शपथेपुढं तिची कात्री थांबली.

आणि मी काय केलं? मला पक्कं ठाऊक होतं की हा गोळा माझ्या हातानं झालाय. पण देवी आली म्हणल्यावर माझं नाव आपोआप मागं पडलं, आणि मी गप्प बसले. म्हातारपणी माणूस शहाणं होतं म्हणतात, ते सगळ्यांचं होत नसावं.

शुक्रवारी कडूबाई माहेराहून परत आली आणि पिशवी न ठेवताच श्रेयाला बघायला आमच्याकडं आली. मानेवरचं हळद-कुंकू पाहिलं आणि ती उंबऱ्यातच खाली बसली. ती तिथं का बसली ते घरात मला एकटीलाच माहीत होतं.

तिची थोरली बहीण सारजा. बारा वर्षांची असताना तिच्या केसांत असाच गोळा झाला आणि गावानं तिला देवीची ठरवली. मग लग्न नाही, सासर नाही. लोक पाया पडायचे आणि लग्नकार्यात मात्र बोलवायचे नाहीत. जट वाढत वाढत दोरखंडासारखी झाली, तिच्या वजनानं सारजाची मान एका बाजूला कलली ती कायमची. कडू तेव्हा सात वर्षांची होती. थोरलीच्या मानेला तेल लावायची, पण जटेला बोट लावायची तिला परवानगी नव्हती. सारजा गेली तेव्हाही ती जट तशीच होती. कडूबाईनं शिकेकाईचा धंदा का धरला हे कुणी विचारलं तर ती म्हणते, बसून करायचं काम आहे. मी काही वेगळं समजते.

ती उठली आणि श्रेयाच्या मागं जाऊन बसली. निशानं मध्ये हात घातला. म्हणाली, ‘काकी, नका लावू हात. देवीचं आहे ते.’

कडूबाई म्हणाली, ‘देवीचं असंल तर माझ्या बोटांनी सुटायचं नाय. तिच्यापुढं माझी बोटं काय. आन सुटलं, तर ते आपलंच व्हतं.’

‘आन पोरीला ताप आला तर?’

कडूबाईनं स्वतःची वेणी पाठीवरून पुढं घेतली आणि निशाच्या मांडीवर ठेवली. ‘ताप आला तर ही मुळापासून उतरवून देवीला वाहते. मला रविवारपर्यंत दे.’

ती वेणी आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. निशा त्या वेणीकडं बघत राहिली, मग हात मागं घेतला.

पहिल्या दिवशी कडूबाईनं काहीच सोडवलं नाही. कोमट खोबरेल गोळ्यात जिरवत राहिली, थेंब थेंब, बोटांनी दाबून दाबून, आणि वरून जुनं लुगडं बांधलं. मग माझ्याकडं वळून विचारलं, याला पाणी कोणी लावलं. आता मात्र मला सांगावंच लागलं. तिनं माझी चांगली हजेरी घेतली. गुंत्याला पाणी लागलं की तो आवळतो. आधी तेल, मग बोटं, मग कंगवा आणि पाणी सगळ्यात शेवटी. मी नेमकं उलटं केलं होतं, आणि पाणीही बोअरचं. ती स्वयंपाकघरात गेली, चहाचं पातेलं घेऊन आली आणि नखानं आतला बोअरच्या पाण्याचा पांढरा थर खरवडून माझ्या तळहातावर ठेवला.

‘हे तुमच्या डोक्यात बसतंय बाई, तीस वर्षं. शिकेकाई काय करंल बिचारी.’

तीस वर्षांचा माझा संशय त्या पातेल्यात निघाला. तिच्या घरी पावसाचं आणि नळाचं पाणी डोक्यासाठी वेगळं साठवतात, हे मी रोज बघत होते आणि तिला चिकट म्हणत होते.

शनिवारी सकाळी ती दाभण घेऊन आली, पोती शिवायचं, टोक घासून बोथट केलेलं. सोबत जवस उकळून काढलेला चीक एका डब्यात. आपण जवसाची चटणी खातो, ही तो चीक बोटांना लावून केसांवरून फिरवते, म्हणजे केस केसावरून घसरतो. श्रेयाला पायरीवर बसवलं आणि गोळ्याच्या बाहेरच्या बाजूनं, टोकाकडून, एक एक बट सुटी करायला घेतली. मुळाशी एक हात घट्ट धरलेला, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. श्रेया मोबाइलवर बोटं फिरवत होती आणि मधूनच विचारायची, आजी किती राहिलं. कडूबाई म्हणायची, तुझ्या मशीनला विचार. निशा दर तासाला येऊन पोरीच्या कपाळाला हात लावून जायची. कपाळ थंड. दुपारपर्यंत मानेवर नारळाचं लिंबू राहिलं आणि खांद्यावर केसच केस. एकही केस कात्रीनं कापला नाही. गळाले ते वेगळे, ते तिनं एका कागदात जपून ठेवले, कारण निशाला ते टाकायचे नव्हते.

लिंबू मात्र हलेना. कडूबाईची बोटं सुजली होती. निशा पायरीवर येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली की एवढं राहतंय म्हणजे ते देवीचंच असेल. कडूबाईनं त्यात परत तेल जिरवलं आणि ती घरी गेली. मी तिच्या वेणीकडं बघत होते. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली.

रविवारी नळ येणार होता. आमच्याकडं तो आठ दिवसांनी येतो, तेव्हा गल्लीत सण असतो. निशा ड्रम भरत होती आणि कडूबाई पायरीवर. नळाच्या आवाजात मला कळलंच नाही तिनं कधी हाक मारली. तिनं दाभणाच्या टोकावर काहीतरी धरलं होतं. काळं रबर. टोपीखाली अंबाड्याला लावतात ते, तापाआधीपासून आत राहिलेलं, उष्णतेनं चिकट झालेलं, आणि त्याच्याभोवती केसांचे पंचवीस वेढे.

मी म्हणलं, ‘देवी वाळूजची निघाली.’

निशा हसली नाही. ती रबराकडं बघत होती, त्याच्यावर थोडं हळद-कुंकू लागलेलं होतं. मग तिनं श्रेयाच्या कपाळाला परत हात लावला, हात तिथंच ठेवला, आणि खाली बसून ती रडायला लागली. श्रेयानं आईचं डोकं मांडीवर घेतलं.

कडूबाई म्हणाली, आता पाणी, पण नळाचं, एक बादली. आमच्या घरी नळाचं पाणी फक्त प्यायचं. त्यातलं तांब्याभर कुणी सांडलं तर निशा दिवसभर बोलते. ती उठली, नुकत्याच भरलेल्या ड्रममधून स्वतः बादली काढली, कोमट केली, आणि कपाट उघडून कंगवा आणला. शिकेकाई कडूबाईनं लावली, पण त्याआधी विंचरलं निशानं. कंगवा वरपासून मांडीपर्यंत एका झटक्यात उतरला. कडूबाईनं आपली वेणी पाठीवर टाकली आणि चहा मागितला, आणि तोसुद्धा दुसऱ्या पातेल्यात करा म्हणाली.

सोमवारी श्रेया सैल वेणी दुमडून टोपीत घालून कामावर गेली. आता कापडी फीत लावते, रबर घरात येऊ देत नाही. माझ्यासाठीही निशा नळाचा एक तांब्या बाजूला ठेवते. खराटा अजून खराटाच आहे, पण मऊ खराटा.

निशाला तरी कर्णपुऱ्याच्या देवीची ओटी भरायचीच होती. तिनं भीत भीत विचारलं, काकींना चालेल का. कडूबाई म्हणाली, ‘पोरगी बरी झाली, ओटी भरायलाच पायजे. पण केस विंचरून जाऊ.’

आम्ही चौघी गेलो. तिथं कडूबाईनं पिशवीतून दुसरा खण-नारळ काढला, तो आणलेला मला माहीत नव्हता. कुणाच्या नावाचा ते तिनं सांगितलं नाही. सारजाचा होता.