काटा हलला तो गाडीच्या लोखंडामुळं

आमच्या गावात फौजेत गेलेला प्रत्येक माणूस मेजर. मी नौदलात होतो, त्यातही विमानावर, तरी मेजरच. तालुक्याच्या जाफराबादहून येऊन एसटीतून उतरलो की पारावरून हाक यायची, "काय मेजर, समुद्र आटला का न्हाई अजून?" मी हसायचो. आता त्या हसण्याचाही राग येतो.

समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानात माझी जागा पडद्यासमोर होती. रडारवर वरची जहाजं दिसायची. पाण्याखालचं ऐकायला आम्ही वरून नळकांडी टाकायचो. ती तरंगत राहायची, आपला कान खाली सोडायची आणि ऐकलेलं रेडिओनं वर पाठवायची. शिवाय विमानाच्या शेपटीला एक लांब दांडा होता. पाणबुडीच्या लोखंडानं पृथ्वीचं चुंबकपण किंचित बिघडतं, तेवढं बिघडलेलं त्याच्या टोकाचं यंत्र टिपायचं. दांडा एवढा लांब कशाला? तर आमच्याच विमानातल्या लोखंडानं ते यंत्र फसू नये म्हणून. हे मला अगदी सुरुवातीला शिकवलं होतं.

दुसरी शिकवण बोलण्याची. काही जाणवलं की रेडिओवर सांगताना तीनच पायऱ्या: संशय, शक्यता, खात्री. तळाशी बुडालेलं जुनं जहाजसुद्धा पाणबुडीसारखंच जाणवतं. म्हणून पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून जायचं, दुसऱ्या यंत्राचं काय म्हणणं आहे ते बघायचं, आणि तरीही खात्री हा शब्द तोंडातून काढताना जीभ अडखळायची. माझ्या सगळ्या नोकरीत तो शब्द मी रेडिओवर फार थोड्या वेळा वापरला. गावात मात्र एका सकाळी फुकट वापरून टाकला.

नव्वद सालाच्या आगंमागं मी सुट्टीवर आल्तो. चुलते सरपंच होते. गावाला सरकारी बोअर मंजूर झाला होता, एकच, आणि तो बौद्धवाड्यासाठी होता. वाड्यातल्या बाया ओढ्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणायच्या. अर्ज लिहून पाठपुरावा केला तो माझ्याच वर्गातल्या, त्याच वाड्यातल्या दोस्तानं. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. आता तो अंबडकडच्या शाळेत विज्ञान शिकवायचा.

बोअरची गाडी आली ती थेट मारुतीच्या देवळापाशी, म्हणजे आमच्या आळीत. चुलते म्हणाले, "तुझ्याजवळ ते होकायंत्र हाय ना? आण बरं."

ते मी बंदराच्या बाजारात मिरवायला घेतलं होतं. आणलं. माणसं जमली, दोस्तही आला.

"आमचा मेजर समुद्राखालची पाणबुडी हुडकतो," चुलते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जमिनीतलं पाणी म्हणजे त्याला काय!"

आधी मला वाड्यात फिरवलं. काटा उत्तर धरून स्थिर. मग देवळाकडं आणलं. गाडीजवळ जाताच काटा गर्रकन वळला.

"हलला! हलला!" पोरंटोरं ओरडायला लागली.

"काय मेजर, हाय ना पाणी?"

"हाय."

"खात्री?"

"खात्री."

मला ठाऊक होतं. काटा टनावारी लोखंडाच्या त्या गाडीनं हलला होता. दोस्तालाही ठाऊक होतं. तो जवळ आला, हळूच म्हणाला, "गाडी जरा लांब न्यायला सांग आन् मंग परत बघ. बस, एवढंच कर." मी ऐकलंच नाही असं केलं. तेव्हा तो मोठ्यानं बोलला, "तुझ्या यंत्राला पाणी दिसतं का रे? हो का न्हाई, सांग की!"

"गुरुजी, तुमी शाळंत शिकवा ना," आमच्यातला एकजण म्हणाला. हशा झाला. मी होकायंत्र खिशात घातलं आणि चुलत्यांना म्हणालो, "काका, मला जाफराबादला जायचंय, जीप निघून जाईल." मला कुठंही जायचं नव्हतं.

आणि पाणी लागलं! भरपूर लागलं. याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. कोरडा गेला असता तर निदान माझं हसं झालं असतं. वाड्यातही लागलं असतं कदाचित. तिथं कुणी खणलंच नाही. देवळापाशी हापसा बसला. आमच्या बायांच्या घागरी भरून होईस्तोवर वाड्यातल्या बायांनी लांब थांबायचं. त्यांनी दांड्याला हात लावला की माझी आई, होय, माझीच आई, तो राखेनं घासायची आणि मग कौतुकानं म्हणायची, "मेजरचं पाणी." दोस्ताची आई तिथं एकदाच आली. परत झिऱ्यावरच जायला लागली.

दोस्त माझ्याशी बोलायचा बंद झाला. बराबर केलं त्यानं. मी काय केलं? नोकरी केली. खरेपणा पगारापुरता.

निवृत्त होऊन जालन्यात घर केलं. गावात पाण्याची टाकी यायची होती, ग्रामसभेला गेलो. आता कारभार चुलतभावाकडं. त्यानं आल्या आल्या थट्टा केली, "दादा, होकायंत्र आणलं का?" सगळे हसले. मी उभा राहिलो आणि सांगितलं. गाडी, काटा, खात्री, सगळं.

"पाणी तर लागलं ना?" चुलतभाऊ म्हणाला. "मंग खोटं कसं?"

"लागलं. पण मला ते कळलं नव्हतं. काकांना बोअर कुठं पाहिजे, एवढंच मला कळलं होतं."

मग पाणीपुरवठ्याच्या तरुण इंजिनिअरनं घसा खाकरून सांगितलं, की टाकी उंचावरच बसते आणि उंचवटा बौद्धवाड्याच्या मागंच आहे, ते आधीच मोजून झालंय. म्हणजे माझ्या कबुलीनं तसूभरही फरक पडणार नव्हता. मी खाली बसायला लागलो.

"बसू नको," मागून आवाज आला. दोस्त. त्या सकाळनंतर त्याचा मला उद्देशून पहिलाच शब्द. "टाकीचं ठरलं. पाईपलाईन पहिली कुठं जाणार? त्यावर बोल. का आजबी जीप हाय तुझी?"

चुलतभाऊ म्हणाला, "पहिली आपल्या आळीला. ठरलेलं हाय. दादा, बसा तुम्ही."

"पहिला नळ वाड्यात," मी म्हणालो.

"मेजर फितूर झाले!" आमच्याच आळीतून कोणीतरी ओरडलं, आणि मग जो गोंधळ माजला त्यात माझी कॉलर धरली गेली. धरणारा माझा पुतण्या होता.

तीन सभा मोडल्या, तेव्हा कुठं पहिला नळ वाड्यात आला. चुलतभावाच्या घरचं जेवण मला बंद झालं. दोस्ताची आई तोवर कंबर मोडून खाटेला खिळली होती. ती त्या नळाचं पाणी प्याली का, हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारायला तोंड कुठं आहे?