संग्राम आणि आमचे फोर्क

सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये रविवारी किलोमीटर कमी आणि किस्सेच जास्त होतात. आमच्या बडोद्याच्या ग्रुपचे निम्मे किस्से संग्रामचे. मला त्याचाच त्रास होतो.

माउंटन बाइकच्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांमध्ये, हवा आणि ऑइल असतं, म्हणून तो खड्ड्यात दबतो आणि परत वर येतो. अधूनमधून तो उघडून, पुसून त्यात नवं ऑइल भरावं लागतं. हे काम संग्राम गोरवा भागातल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत करतो. हौस म्हणून. आणि सगळे त्याच्याकडेच जातात!

*

मी नवाकोरा फोर्क घेतला. संग्रामने हँडल एकदाच दाबलं आणि म्हणाला, "दुकानात बरेच दिवस पडून होता वाटतं." उघडला, तर आतली सीलं कोरडी ठक्क. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोर्क माझा, टाळ्या त्याला.

*

जुनं ऑइल तो ढोकळ्याच्या थाळीत काढतो. त्याची आई रागावली असेल, असं मला उगाच वाटलं होतं. काकूंनी स्वतः ढोकळ्यासाठी दुसरी थाळी आणली. म्हणाल्या, "त्याच्या हाताला ही बसलीय, असू दे ने."

आमच्याकडे मी फरशीवर थेंबभर ऑइल सांडलं, तर मधुराने अख्खी गॅलरी पुसून घेतली. मधुरा म्हणजे माझी बायको.

*

शेवटी मीही व्हिडिओ बघून ग्रुपमधल्या हार्दिकचा फोर्क उघडायला घेतला. आधी हवा सोडायची असते, ते राहून गेलं. वरचं झाकण सुटलं ते थेट शेजारच्या गॅलरीत, आणि देसाईकाकांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या लेंग्यावर ऑइलचे शिंतोडे.

काकांनी झाकण शांतपणे परत दिलं. "भाई, आ संग्रामभाईने आपो ने." म्हणजे, हे संग्रामला द्या ना.

काका सायकल चालवत नाहीत. त्यांनाही संग्राम माहीत!

*

मग नाइलाजाने माझा फोर्क त्याच्याकडे नेला. मधुरा सोबत होती. "ये ना, बघ, सोपं असतं," संग्राम म्हणाला. त्याच्याकडून शिकायचं? मी हॉलमध्ये मोबाइल घेऊन बसलो. मधुरा गॅलरीत स्टुलावर बसून त्याला काहीबाही विचारत राहिली.

परतताना म्हणाली, "किती छान समजावतो ना तो." फतेगंजला घरी येईपर्यंत मी रस्त्यातला एकही खड्डा चुकवला नाही.

*

यंदा मात्र ठरवलं, मरू दे, स्वतःच करायचं. शनिवारी हॉलमध्ये पेपर पसरून फोर्क सुटा केला. कुठली रिंग आधी बसते, काही कळेना. डोकं फिरलं, खाली चहाला गेलो. परत आलो तर फोर्क जोडलेला.

"पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून लावून टाकला. ऑइलही भरलंय," मधुरा म्हणाली आणि हात धुवायला गेली.

रविवारी संग्रामने माझं हँडल दाबलं. पुन्हा दाबलं. सगळ्यांना बोलावून दाबायला लावलं. "कुणी केला रे? माझ्यापेक्षा भारी झालाय."

"घरीच," मी म्हणालो.

त्याचं तोंड उतरलं. इतकी सुंदर राइड मी आयुष्यात केली नव्हती.

पुढच्या शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात संग्राम, हातात जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला त्याचा स्वतःचा फोर्क. मी ऐटीत हात पुढे केला.

त्याने फोर्क छातीशी धरला, माझ्या खांद्यावरून आत डोकावला आणि म्हणाला, "वहिनी आहेत ना घरी?"